मावशीच्या फोनवर

नाशिकला अंबडच्या कारखान्यातलं पॅकिंगचं काम सुटलं, तेव्हा उज्वलानं एकोणचाळिसाव्या वर्षी वेबसाइट बनवण्याचा क्लास लावला. शेवटच्या परीक्षेला प्रत्येकानं कुणाच्या तरी खरोखर उपयोगी पडेल अशी वेबसाइट करायची होती. तिची मावशी कुसाबाई हरसूलकडच्या एका पाड्यावर आशाताई होती. कुणाला कळा सुरू झाल्या की गाडीसाठी मावशीला दारोदार फिरावं लागे. म्हणून उज्वलानं मावशीच्या वहीतून जीपवाल्यांचे नंबर उतरवले आणि वेबसाइटच्या पानावर टाकले.

क्लासच्या मोठ्या पडद्यावर पान देखणं दिसायचं. डोंगराचा फोटो, नकाशा, तीन रकाने. देवरे सर पहिल्या दिवसापासून बजावत होते, "आधी मोबाइलसाठी करा, मग पडदा वाढवा." तिला वाटलं, मोबाइलचं शेवटी जमवून घेऊ.

गुरुवारी मावशी एका पेशंटला घेऊन नाशिकला आली. उज्वलानं तिच्या फोनवर पान उघडलं. बराच वेळ पांढरं. मग फोटो आला, अक्षरं मुंग्यांएवढी, आणि नंबर पडद्याच्या बाहेरच.

"चांगलं हाय गं," मावशी म्हणाली, "पन फोन कुठून लावायचा? सोमवारी आमची मीटिंग हाय. समद्या बायांना सांगून ठेवलंय मी."

दुसऱ्या दिवशी उज्वलानं देवरे सरांना ते पान फोनवर दाखवलं.

"दुरुस्त होईल का हो, सर?"

"होईल, पण नुसती ठिगळं लागतील. नव्यानं करा. अंगठ्यानं काय दाबायचं, तेवढंच आधी ठेवा."

तीन आठवड्यांचं काम तिनं बाजूला सारलं. संगणकावरची खिडकी फोनएवढी अरुंद केली. पाड्याचं नाव, जीपवाल्याचं नाव, खाली रुंद हिरवं बटण : फोन लावा. फोटो, नकाशा गेले. मोठा पडदा असेल तरच दोन रकाने. मग चहावाल्याच्या, रिक्षावाल्याच्या, दिसेल त्याच्या फोनवर ती ते उघडून बघू लागली. दर वेळी काहीतरी बिघडलेलं निघे आणि घरी येऊन ती ते दुरुस्त करे.

सोमवारी ती स्वतःच एसटीनं मावशीच्या मीटिंगला गेली. नेटवर्कची एकच कांडी होती. तरी पान उघडलं. मावशीनं बटण दाबलं.

"बारकू बोलतोय. कोन?"

बाया हसल्या. दिशा नावाच्या आशाताईनं दुसरं बटण दाबलं. फोन बंद.

"त्यानं जीप इकली की दिवाळीत," मागून कोणीतरी म्हणालं.

एकही नंबर उज्वलानं लावून पाहिला नव्हता. एखादी बाई कळा देत असती तर? तिथंच बसून तिनं अकराही नंबर लावले. तीन बाद निघाले. त्यांतल्या दोघांचे नवे नंबर बायांनी दिले, तिसरा तिनं काढून टाकला. दर महिन्याला सगळे नंबर लावून बघायचं काम दिशानं अंगावर घेतलं.

परीक्षेत उज्वला पास झाली. पंधरवड्यानं भरदुपारी मावशीचा फोन आला. मागून कुणीतरी बाई कण्हत होती. कशी आहेस, हेही न विचारता उज्वला म्हणाली, "मावशी, नंबर लागला ना?"

"लागला गं. बारकूच्या गाडीत बसलोय आम्ही. आता ठेव."

उज्वला संध्याकाळपर्यंत फोन हातात धरून बसली. पाच वाजता मावशीचा मेसेज आला : मुलगी झाली, दोघी बऱ्या.