दाराबाहेरच्या चपला

तानुबाईंना बरोबर नेऊ नये असं सविताला सकाळपासून वाटत होतं, पण घरी बसा म्हणणार कुठल्या तोंडाने? नवऱ्याची थोरली बहीण, आईमागे त्याला वाढवणारी, देवरुखहून पहिल्यांदाच शारजाला आलेली.

जर्मनीतल्या कुठल्याशा शहराच्या आधुनिक कलेच्या म्युझियमने आपल्या वस्तू इथे प्रदर्शनाला पाठवल्या होत्या. लोकांना त्या समजावून सांगायला शाळेने निवडलेल्या मुलींत सविताची पर्णिका होती. म्हणजे आर्ट टीचर येणार, इतर आया येणार. सविताने ठेवणीतली साडी काढली आणि बोलायला चार इंग्रजी वाक्यं घोकली.

आत शिरताच पर्णिका मैत्रिणींकडे पळाली. एका भिंतीवर तारांचा गुंता, दुसरीवर नुसताच निळा रंग.

"वन्सं, हात लावू नका हं कशाला."

"अगं, लावण्यासारखं आहे काय?" तानुबाई म्हणाल्या.

शेवटच्या दालनात एक बंद दार होतं आणि बाहेर झिजलेले बूट, सपाता, सँडल ओळीने मांडलेले. सविता टीचरला हॅलो म्हणायला वळली, तेवढ्यात तानुबाईंनी जन्माच्या सवयीने चपला काढल्या, ओळीत नीट लावल्या, पदर सारखा केला आणि दार ढकललं. उघडणार कसं? मागे भिंतच होती.

"अम्मा! अम्मा, ये आर्ट है!" गार्ड धावला. छातीवरच्या पट्टीवर जमाल लिहिलेलं. आया खुदखुदल्या. टीचरने भुवया उंचावल्या. जमालने इकडेतिकडे पाहिलं. साड्या नेसलेल्या दोघीच. "मॅडम, ये आपके साथ है?"

"नो," सविता म्हणाली.

तोंडातून निघून गेलं.

दोघींनी मिळून उचललेल्या जड पातेल्यावरचा हात एकीने सोडला की दुसरी जशी बघते, तशा तानुबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग जमालला म्हणाल्या, "हम अकेला आया. रिक्षा से."

शारजात रिक्षा नव्हत्याच. ओळीतून त्यांच्या चपला शोधायला जमाल खाली वाकला आणि तानुबाई गार फरशीवर अनवाणी उभ्या राहिल्या. नेमकी तेव्हाच पर्णिका आली.

"आत्या? मॉम, व्हाय इज शी बेअरफूट?"

सगळ्या माना सविताकडे वळल्या.

"अगं, तुझी आई आत्ताच आली इकडे," तानुबाई घाईने म्हणाल्या. "तिला काय माहीत?"

"हो, आत्ताच," सविता म्हणाली.

मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी पोर ती. पण आता जवळ येऊन, कुणाला कळू नये अशा बेताने, मराठीत म्हणाली, "आई, आपण तिघी एकाच गाडीतून आलो ना?"

सविताचे कान तापले. लेकीने चारचौघांत आपल्यावर पांघरूण घालावं, हे तिला सोसेना. "भैया, ये मेरी ननद है," ती जमालला म्हणाली. "मेरे साथ आयी है." मग टीचरकडे वळून तेच इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"ओह, हाउ नाइस," टीचर म्हणाली. बाकीच्या आया भिंतीवरचं काहीतरी निरखू लागल्या.

जमालने चपला पुढे ठेवल्या. सविताने आधाराला हात दिला, पण तानुबाईंनी त्या खोट्या दाराची चौकट धरली आणि पाय सरकवले.

"कशाला बोललीस?" त्या हळूच म्हणाल्या. "निभावलं होतं की मी. आता मीही खोटी ठरले."