आत्याचा वन्स मोअर

आत्याला पबमध्ये न्यायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, हे टिल्लूला पक्कं ठाऊक होतं. पण तिच्याच घरात राहायचं, तिच्याच हातचं जेवायचं आणि आपल्या बँडचा पहिला कार्यक्रम तिच्यापासूनच लपवायचा, इतका काही तो निर्लज्ज नव्हता. टिल्लू हे नावही तिनेच ठेवलेलं. आता गडी दारातून वाकून आत येतो, चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो, तरी टिल्लू तो टिल्लूच.

अडचण आत्याची नव्हती, तिच्या वन्स मोअरची होती. आत्या म्हणजे लोकांचे सैल कपडे घट्ट आणि घट्ट कपडे सैल करून देणारी बाई, एरवी बोलायला मऊ. पण कुठे काही आवडलं की उभी राहून असा खणखणीत वन्स मोअर द्यायची, की शेजारचा दचकून खुर्चीतून उठायचा. शाळेच्या स्नेहसंमेलनात टिल्लूने कविता म्हटली, तेव्हा मागच्या रांगेतून तिचा वन्स मोअर आला. पोराला सगळी कविता पुन्हा म्हणावी लागली, आणि शाळा सुटेपर्यंत मुलं त्याला त्याच नावाने हाका मारत होती. आतोबा निवृत्त झाले तेव्हा तर तिने साहेबांच्या भाषणालाच वन्स मोअर दिला, आणि त्या भल्या माणसाने भाषण पहिल्यापासून पुन्हा केलंही.

तेव्हा निघताना टिल्लूने तिला बजावलं, की तिथे तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. खरं सांगायचं तर त्याला तिची लाज वाटत होती, आणि लाज वाटते याचीही वाटत होती. आत्याचा चेहरा उतरला. "बरं," म्हणाली, आणि चपला घालायला गेली.

टिल्लूपुढे त्याहून मोठी अडचण होती. बँडमधला गिटारवाला नुकताच रुसून निघून गेला होता, आणि जाताना स्वतःची गाणी घेऊन गेला होता. मागे उरले तिघं आणि तीन गाणी. टिल्लू गाणार आणि गिटार वाजवणार, दातांच्या दवाखान्यात काम करणारी मुलगी ड्रमवर, आणि लिफ्ट दुरुस्त करणारा एक गृहस्थ बेसवर. हा गृहस्थ सणसणीत वाजवायचा, पण बोलायचा म्हणाल तर लिफ्टमध्ये अडकलेला माणूस त्याच्यापेक्षा जास्त बोलेल.

पबच्या मालकाचा नियम साधा होता. शनिवारी संध्याकाळी नव्या बँडला पाऊण तास. त्याआधी थांबलात तर टीव्हीवर मॅच लावणार, आणि तुम्हाला पुन्हा बोलावणार नाही. गावात दुसरं कोणी यांना उभंही करत नव्हतं. तीन गाण्यांत पाऊण तास काढायचा म्हणजे रुमालात गादी गुंडाळण्यातला प्रकार. मधे मधे बोलू, असं ड्रमवाली म्हणाली. काय बोलायचं ते मात्र कोणी ठरवलं नाही.

आत्या पुढच्याच टेबलावर बसली, लिंबू सोडा समोर आणि पर्स मांडीवर. बाकी गिऱ्हाईक मोजकंच. काउंटरला टेकलेली तीन माणसं तर बंद टीव्हीकडेच बघत होती.

पहिलं गाणं टिल्लूने असं पळवलं, की ड्रमवालीला मागे धावावं लागलं. दुसरंही तसंच. मधे बोलायची वेळ आली तेव्हा तो "नमस्कार" म्हणाला, मग पुन्हा एकदा "नमस्कार" म्हणाला, आणि विषय संपला.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. अरे, आपल्याला हवंय काय? कोणीतरी वन्स मोअर द्यायला हवाय! तो देणारी एकमेव बाई समोर बसलीय, आणि तिच्या तोंडाला कुलूप आपणच लावलंय. याला म्हणतात पायावर धोंडा मारून घेणं.

त्याने तिच्याकडे बघून डोळा मारला. आत्याला वाटलं, पोराच्या डोळ्यात काहीतरी गेलं. पाण्याचा हबका मार, अशी तिने खूण केली. त्याने भुवया उडवल्या, मान हलवली, ओठांनी शब्द करून दाखवले. आत्याने ओठ आणखी घट्ट मिटले आणि पर्सची चेनसुद्धा लावून घेतली. दिलेला शब्द मोडणाऱ्यांतली ती नव्हे.

तिसरं गाणंही संपलं. चार टाळ्या पडल्या, त्यातल्या दोन वेटरच्या. अर्धा वेळ अजून शिल्लक होता. मालकाने रिमोट उचलला आणि काउंटरवरची तिघं सावरून बसली.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. यात गाढव कोण, ते ज्याचं त्याने ठरवावं. टिल्लू माइकपाशी गेला आणि सगळ्या पबला ऐकू जाईल असं बोलला, "आत्या, मी चुकलो. वन्स मोअर म्हण ना गं."

सगळ्या माना वळल्या. आत्या सावकाश उठली.

"म्हणायला माझी काही ना नाही. पण कशाला म्हणू?"

"अगं, तू तर कशालाही म्हणतेस."

"कशालाही? त्या दिवशी ती कविता तू जीव ओतून म्हटली होतीस, म्हणून दिला होता."

"आणि साहेबांचं भाषण?"

"ते मला अर्धं ऐकूच आलं नव्हतं."

काउंटरवरचा एक जण फस्सकन हसला. आत्याचं तिकडे लक्ष नव्हतं. "भिंतीपलीकडे तू एकटा गात बसतोस ना, तेव्हा शिवण थांबवून ऐकते मी. किती वेळा तोंडाशी आलंय. इथे तू गात नव्हतास टिल्लू, उरकत होतास."

टिल्लूचे कान तापले. पण बाई खोटं काय बोलली? मालकाने रिमोट हातात धरला होता, पण बटण दाबलं नव्हतं. त्यालाही आता या भांडणात रस आला असावा. टिल्लूने स्टूल ओढलं आणि घरी पलंगाच्या कडेवर बसतो तसा बसला. बाकीच्या दोघांना म्हणाला, पहिलंच घेऊ, पण हळू.

गाणं तेच होतं, पण या वेळी त्यातले शब्द ऐकू आले. नोकरीच्या पहिल्या दिवशी घराची किल्ली विसरलेल्या माणसाचं गाणं ते. तो संध्याकाळभर पायरीवर बसतो, आणि आतून कोणीतरी त्याचीच वाट बघत असतं. बेसवाल्याने डोळे मिटले. वेटर ट्रे घेऊन जागच्या जागी उभा राहिला. शेवटची ओळ गाताना टिल्लूचा आवाज थोडा फाटला, त्याने तो तसाच जाऊ दिला.

गाणं संपलं. टिल्लूने आत्याकडे बघितलं. तिने तोंड उघडलं, पण आवाज काही फुटेना. ती मटकन खाली बसली आणि पदर डोळ्यांना लावला.

काउंटरवरून आवाज आला, "वन्स मोअर." मॅचवाल्यांतलाच एक होता. त्याच्यामागून दुसरा ओरडला, आणि मालकाने रिमोट ड्रॉवरमध्ये टाकला. ड्रमवालीने काठ्या उचलल्या.

आत्याने मागे वळून त्या माणसाला हात केला. "थांबा हो जरा," ती म्हणाली, "मला आधी रडू तर द्या."

टिल्लूने गिटारवरचा हात काढून मांडीवर ठेवला, आणि तिचं होईपर्यंत निवांत बसून राहिला.