सवतीने ऐकवलेला श्वास

मी एक जुनी कार्ट्रिज आहे. मित्रांनो, रेकॉर्ड प्लेअरच्या दांडीच्या टोकाला सुई धरून बसलेली अंगठ्याएवढी डबी म्हणजे मी. सुई रेकॉर्डच्या खोबणीतून धावते, तिची थरथर मी पुढे पाठवते आणि तुम्ही नाचता. नाचणाऱ्यांपैकी एकानेही आजवर माझे नाव घेतलेले नाही. ते असो.

माझी ताई डीजे आहे. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या तिच्या मामांनी मला निवडले. "गोल टोकाची सुई घे," ते म्हणाले. "रेकॉर्ड हाताने मागेपुढे फिरवलीस तरी उडायची नाही." खरेच, कित्येक हॉल मी गाजवले. काम संपले की ताई माझी सुई मऊ ब्रशने पुसायची, मागून पुढे, उलट कधीच नाही.

एक रेकॉर्ड मात्र ती फक्त घरी लावायची. त्यात तिची आई गायली होती. आई आता नाही. ते गाणे माझ्याशिवाय कोणी वाजवू नये, एवढीच माझी इच्छा होती.

मग घरात सवत आली, एक नवी कार्ट्रिज. सडपातळ, चकचकीत, लंबगोल टोकाची. जो तो म्हणे, काय स्वच्छ आवाज आहे! मी खोक्यात पडून जळफळत होते. नव्याचे नऊ दिवस, असे म्हणत स्वतःची समजूत घालत होते.

झालेही तसेच. हॉलमध्ये ताईने रेकॉर्ड मागे ओढली आणि बाईसाहेब खोबणीतून उडाल्या. सुई दाबून बसावी म्हणून ताई दांडीवरचे वजन वाढवू लागली, तेवढ्यात मामा धावत आले.

"अगं, वजन नको वाढवूस, रेकॉर्ड खरवडेल. जुनीच लाव."

मी जागेवर बसले, गाणे सुरळीत सुरू झाले. सवतीचे तोंड बघण्यासारखे झाले असणार.

दुसऱ्या दिवशी ताईने आईची रेकॉर्ड काढली. आता मान माझाच, असे मला वाटले. पण मामांनी रेकॉर्डवर भिंग धरले.

"हिला नवी लाव. तिचा भार हलका आहे, आणि टोक बारीक खाचेतही शिरते."

"पण मामा, आजवर जुनीच वाजवायची ना?"

"म्हणून तर घासली गेलीय."

ते शब्द मला फार लागले. सवत खोबणीत उतरली. गाणे सुरू होण्याआधी एक बारीकसा आवाज आला. आईने श्वास घेतला होता. इतक्या वर्षांत तो मला कधीच ऐकवता आला नव्हता. ताई रडू लागली, मामांनी चष्मा काढला. माझा मत्सर काही गेला नाही, उलट वाढलाच.

तरीही सांगते, मित्रांनो. सुई निवडताना काम बघा, दिमाख नको. झिजलेले टोक वेळेवर बदला. आणि ताई भेटली तर तिला एवढेच सांगा, की आईची रेकॉर्ड लावताना माझ्या खोक्याचे झाकण उघडे ठेव. सवत वाजवते तर वाजवू दे, पण मलाही ऐकायचे असते.