कडक उपास

राहीबाईला सारख्या चकरा यायला लागल्या, तेव्हा महाडच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात डोक्याचा सीटी स्कॅन काढायला सांगितला. वर बजावलं, "उपाशी पोटी जा."

तिच्या नवऱ्याने, सोनबाने, ही खूणगाठ पक्की बांधली. उमरठहून निघताना त्याने बायकोला भाकरीचा तुकडासुद्धा शिवू दिला नाही. रताळी उकडून बरोबर घेतली आणि सकाळी इस्पितळाच्या दारात सोलून स्वतःच्या हाताने तिला पोटभर भरवली.

"काही खाल्लं नाही ना?" आत नर्सने विचारलं.

"नाय बाय, कडक उपास हाय," सोनबा छाती काढून म्हणाला.

राहीबाईला मशिनीत सरकवलं, दंडात औषध टोचलं. तिचं अंग एकदम तापलं, पोट ढवळलं आणि उताणी असतानाच ती भडाभडा ओकली. सगळं घशात अडकलं, डोळे पांढरे झाले. काचेपलीकडे उभा सोनबा काचेवर हात आपटू लागला. डॉक्टर धावले, तिला कुशीवर वळवून पाठीत जोरात थापट्या मारल्या, तेव्हा कुठे तिचा श्वास परत आला.

"उपाशी म्हणजे पोट रिकामं!" डॉक्टर सोनबावर कडाडले. "गुदमरून मेली असती बाई!"

सोनबाने दोन्ही हात पुढे केले. त्याच्या नखांत रताळ्याचा गर अजून तसाच होता.

"रताळं देवाला चालतं, सायेब," तो ओरडला. "तुमच्या मशिनीला चालत नाय, ह्ये सांगाया कुनाची जीभ झिजली असती?"