'कुरादा'चा तिसरा अर्थ

मित्रांनो, मला जुना म्हणा, माझी हरकत नाही. फक्त झिजलेला म्हणू नका. मी एक शब्दकोश आहे, आणि माझी कितीतरी पाने छापखान्यातून निघाली तशीच एकमेकांना चिकटून बसली आहेत. शब्दकोशाच्या जातीला याहून मोठे दुःख नसते.

ग्वातेमालाच्या राजधानीत, एका गल्लीतल्या छापखान्यात माझा जन्म झाला. स्पॅनिश शब्द आणि त्यांचे स्पॅनिशमधलेच सोपे अर्थ, असे माझे अंग. मला दोऱ्याने शिवले, निळा पुठ्ठा चढवला आणि इतर भावंडांबरोबर खोक्यात भरले. त्यांतला मी एकटा एका पाद्रीबाबांच्या खोगिराच्या पिशवीतून तुइचुमला चढलो. हे गाव ढगांच्या उंचीवर आहे. तिथे घरात, शेतात, भांडणात आणि अंगाईत माम भाषा बोलतात. स्पॅनिश म्हणजे कचेरीची, बाजाराची आणि शाळेची भाषा. सहावी पास झालेली गावातली पहिली मुलगी इसिद्रा. पाद्रीबाबांनी मला बक्षीस म्हणून तिच्या हातात ठेवले.

ते माझे खरे दिवस होते. इसिद्रा मला ओढणीत बांधून मेंढ्यांमागे न्यायची. साबण गुंडाळून आलेला वर्तमानपत्राचा तुकडा असो की खताच्या पिशवीवरची ओळ, मिळेल ते वाचायची. अडलेला शब्द माझ्यात शोधायची, आणि त्याच्या अर्थातच नवा शब्द निघाला तर तोही शोधायची. पेन्सिलीने खूण करायची. तिची आई चुलीपाशी करवादायची, "त्या पुस्तकात डोकं घालून बसलीयेस, आणि इकडे घुगऱ्या करपल्या. ते काय जेवू घालणार आहे तुला?"

शेजारी तिची मैत्रीण कातारिना राहायची. तिला कोणी शाळेत घातले नव्हते. ती पाट्यावर मका वाटत असायची आणि इसिद्रा तिला वाचलेले मामध्ये सांगायची. सांगताना कुठे अडखळली, की कातारिना वरवंटा थांबवून म्हणायची, "म्हणजे हे तुला कळलं नाही." इसिद्रा निमूटपणे पुन्हा मला उघडायची. आपल्याला किती येते आणि किती येत नाही, हे त्या मुलीला त्या वयात जितके नेमके माहीत होते तितके मी पुढे कुणातही पाहिले नाही.

मोठी होऊन ती गावच्या शाळेत शिक्षिका झाली. मी तिच्या टेबलावर राहू लागलो. मुले चिखलाच्या हातांनी मला चाळायची आणि मला ते आवडायचे.

मग एका वर्षी तालुक्याच्या गावी शिक्षकांची बैठक झाली. इसिद्रा मला बरोबर घेऊन गेली होती. नवे पर्यवेक्षक आले होते. त्यांनी एकेकाला उभे करून विचारले, की ज्याचे त्याने सांगावे, स्पॅनिश कितपत वाचता येते? एकामागून एक सगळे म्हणाले, "उत्तम." त्यांतल्या बऱ्याच जणांची मातृभाषा मामच होती. इसिद्राची पाळी आली तेव्हा ती विचार करून म्हणाली, "रोजचं सगळं वाचते, साहेब. कायद्याचं असलं, औषधांचं किंवा शेतकी खात्याचं असलं, तर कोश लागतो."

"कोश लागतो?" पर्यवेक्षकांनी चष्म्यावरून पाहिले. "मग शाळेवर कोशालाच नेमू या की. तुम्ही कशाला एवढा घाट उतरून येता?"

सगळी खोली हसली. इसिद्राही थोडे हसली, कारण न हसणे बरे दिसले नसते. पण मी तिच्या मांडीवर होतो आणि तिची बोटे माझ्या पुठ्ठ्यात रुतत होती. त्या वर्षी वरचे वर्ग तिच्याकडून काढून सपाटीवरच्या एका तरुणाला दिले. त्याला मामचा एक शब्द येत नव्हता. तिच्याकडे नाक गळणारी छोटी मुले आली.

पुढच्या बैठकीला मला तिने घरी ठेवले. काय झाले ते मी तिने आईला सांगताना ऐकले. ती म्हणाली होती, "अस्खलित, साहेब. सगळं कळतं." त्यांनी एक उतारा वाचायला दिला, तो तिने न अडखळता घडाघडा वाचला. त्याचा अर्थ कोणी विचारला नाही. "बघा, बाईंनी प्रगती केली," असे म्हणून वरचे वर्ग तिला परत मिळाले. आईने त्या दिवशी कोंबडी कापली.

शाळेत मी टेबलावरून कपाटात गेलो. सुरुवातीला ती मुले घरी गेल्यावर मला काढायची, दार लोटून घ्यायची. मग तेही कमी झाले. अडलेल्या शब्दावरून ती आता उडी मारून पुढे जायची आणि मागच्यापुढच्यावरून अंदाज बांधायची. अंदाज खरा निघाला तर तिला हुरूप यायचा, आणि खोटा निघाला तर ते तिला कळायचेच नाही. अशा रीतीने माणूस हळूहळू स्वतःची थाप स्वतःच खरी मानू लागतो. ती पर्यवेक्षकांशी खोटे बोलली होती हे मला मान्य आहे, पण काही वर्षांनी ते तिच्या लेखी खोटे राहिलेच नव्हते. गावात कोणाचाही कागद आला की लोक म्हणत, "बाईंकडे न्या. त्या वाचतात पाण्यासारखं." मी कपाटात हे ऐकत असे आणि माझ्या कडांवर बुरशी चढत असे.

त्यानंतर ते वादळ आले. दरड सुटली आणि उभा मका, कणगीतला मका, दोन्ही मातीखाली गेले. रस्ता तुटला. लोक कंदमुळे उकडून दिवस काढू लागले. बऱ्याच आठवड्यांनी अर्ध्या वाटेपर्यंत एक ट्रक पोहोचला. ट्रकवाल्यांनी मदतीची पोती उतरवली, तात सिरियाकोंचा अंगठा घेतला आणि ढग उतरायच्या आत ते परत फिरले. सिरियाको गावाच्या समितीचे प्रमुख, पांढऱ्या केसांचे, थट्टेखोर गृहस्थ. माणसांनी पोती पाठीवर घालून वर आणली आणि पाऊस नको म्हणून शाळेच्या खोलीत रचली.

पोत्यात मका होता, पण गुलाबीसर. बियाणे आहे हे सगळ्यांना कळले. त्याची कोणाला भीती वाटली नाही, कारण त्यांच्याकडे जो मका खातात तोच पेरतात, वेगळा नसतो. प्रश्न एवढाच होता, की त्यातला थोडा खावा का? रंग पाहून बायका बिचकल्या होत्या. सिरियाको म्हणाले, "बाईंना वाचू द्या. मग काय ते ठरवू."

इसिद्रा पोत्यापुढे वाकली. वर ठळक अक्षरांत लिहिले होते, 'कुरादा' बियाणे. तिने ते मोठ्याने वाचले आणि मामध्ये सांगितले, "कुरादा म्हणजे बरं केलेलं. औषध देऊन निरोगी केलंय. तो रंग औषधाचाच असणार."

"औषध आपल्यालाही चालेलच की," कोणीतरी म्हणाले. "पोरं सगळी खोकतायत."

"आणि ते खाली बारीक काय लिहिलंय?" हा आवाज कातारिनाचा होता. तिचा नवरा दरडीत गेला होता. कडेवर धाकटी तोमासा होती. "ते पण वाच गं. नीट बघ."

खाली अवघड नावांच्या ओळी होत्या आणि त्यांच्या शेवटी दोन शब्द, 'नो इंहेरीर'. यातला 'नो' तिला कळत होता. कसली तरी मनाई होती. इंहेरीर मात्र तिने कधी पाहिला नव्हता. ती थांबली. मग न वळताच तिचा हात मागे कपाटाकडे आला. मित्रांनो, तिची बोटे माझ्या पाठीला लागली. इतक्या वर्षांनी लागली होती. मी तिथेच होतो, दोन्ही शब्द पोटात घेऊन.

"काय बाई," सिरियाको हसत म्हणाले, "तुमचं पण घोडं अडलं का?"

खोलीत हसू पिकले. मायेचेच हसू होते ते. इतके दिवस उपाशी असलेली माणसे हसली हेही खरे तर चांगलेच होते. पण इसिद्राची बोटे विस्तवाला लागावीत तशी मागे गेली.

"अडतंय कशाला," ती म्हणाली. "कारखान्याची माहिती आहे सगळी. ओल्यात ठेवू नका म्हणतायत."

बायकांनी मका चुन्याच्या पाण्यात धुतला. रंग निघून गेला तसा उरलासुरला संशयही गेला. सगळ्यात आधी इसिद्रानेच आपल्या घरी भाकऱ्या थापल्या. उजाडायच्या आत गावभर उलट्या सुरू झाल्या. हातपाय थरथरायला लागले, तोंडातून लाळ गळू लागली. इसिद्रा आणि तिची आईही भिंतीला धरून ओकत होत्या. मोठी माणसे बहुतेक वाचली. कातारिनाच्या तोमासाला झोळीत घालून खाली नेत होते, पण वाट तुटलेली होती. झोळी नेणारे अर्ध्यावरूनच परत आले. त्यांना घाई उरली नव्हती.

चौकशीला साहेब लोक आले आणि माझ्याच खोलीत बसले. मदत पाठवणाऱ्यांपैकी एकाने रिकामे पोते उलगडून दाखवले. "स्पष्ट लिहिलेलं आहे. आणखी काय करायचं आम्ही?" पर्यवेक्षक म्हणाले, "गावात शिक्षिका आहे. उत्तम वाचता येतं असं तिने स्वतः सांगितलेलं आहे." मग त्यांनी तिच्याकडे वळून विचारले, "येतं की नाही वाचता?"

इसिद्रा म्हणाली, "वाचता येतं. कळतं सगळं असं नाही."

तिला शाळेवरून काढले. खरे बोलल्याबद्दल तिला झालेली ही दुसरी शिक्षा.

सामान आवरायला ती आली त्या दुपारी कातारिना दारात उभी राहिली. आत येऊन बाकावर बसली.

"कुठाय तो शब्द? मला दाखव."

इसिद्राने मला काढले. ती पाने चिकटलेली होती, सोडवताना कोपरा फाटला. तिने बोट ठेवून वाचले. कुरार, म्हणजे 'कुरादा'चे मूळ क्रियापद. पहिला अर्थ, आजारी माणसाला बरे करणे. दुसरा अर्थ, मांस खारवून किंवा धुरी देऊन टिकवणे. तिसरा अर्थ, कीड लागू नये म्हणून बियाण्याला विष चोळणे.

कातारिनाने त्या ओळीवर झुकून पाहिले. तिला अक्षरे येत नव्हती, ती फक्त लांबी बघत होती. "एवढासाच?"

"एवढासाच."

"आणि तो दुसरा?"

इसिद्राने पाने उलटली. "इंहेरीर. खाणे, गिळणे."

"मग 'खाऊ नका' असं का नाही लिहिलं त्यांनी?"

चौकशीला आलेल्या एकाही साहेबाने हा प्रश्न विचारला नव्हता.

"तू कपाटात हात घातला होतास," कातारिना म्हणाली. "मी बघितलं."

"हो."

"मग?"

"सगळे बघत होते."

कातारिनाने आपल्या ओढणीच्या टोकाला पीळ घातला. "मी पण बघत होते," ती म्हणाली. "पण मी हसले नव्हते, इसिद्रा. मी तर वाट बघत होते." आणि ती उठून गेली. त्या दोघी आजही एकाच झऱ्यावर पाणी भरतात. एकीची घागर भरेपर्यंत दुसरी पाठ करून उभी राहते.

मी शाळेतच राहिलो. नवा मास्तर मला ओल्या दप्तरांखाली ठेवतो.

मित्रांनो, तुमच्यापैकीही पुष्कळांच्या घरात एक भाषा आहे आणि पुस्तकात दुसरी. म्हणून एक मागणे मागतो. मला पुसू नका, कव्हर घालू नका, दसऱ्याला हळदकुंकू वाहू नका. मला वापरून फाडलेत तरी चालेल. 'मला सगळं कळतं' असे मनात आले, की त्याच क्षणी मला उघडा, आणि चारचौघांत उघडा, दार लोटून नव्हे. आणि दुसऱ्या कोणी कोश उघडला, तर तोंडावर आलेले हसू गिळा. तुइचुमच्या त्या खोलीत जे हसले, त्यांच्यात एकही माणूस वाईट नव्हता.