बाबांच्या दाराशी मिणमिणता दिवा

आमच्या वृद्धाश्रमात बॅटरीचे दिवे बसवणारा वायरमन माझा सख्खा धाकटा भाऊ आहे, हे आधीच सांगून टाकते. उगाच नंतर कुणी म्हणायला नको, बहिणीने पांघरूण घातलं म्हणून. मी तिथली व्यवस्थापक. काम त्याला मिळालं ते माझ्या शब्दावर.

आमच्या जिन्याला खिडकी नाही. भर दुपारीसुद्धा वीज गेली तर स्वतःचा हात दिसत नाही. म्हणून जिन्यात आणि खोल्यांच्या बोळात धाकट्याने सीएफएलचे दिवे बसवले. वर पत्र्याचा डबा, डब्यात बॅटरी. वीज असते तोवर ती चार्ज होत राहते, वीज गेली की दिवा तिच्यावर आपोआप लागतो. डब्याच्या बाजूला तपासायचं बटण. "ताई, महिन्यातून एकदा हे दाबायचं," तो मला म्हणाला होता. "दिवा लागला की समज सगळं ठीक. मेन मात्र बंद करून बघू नकोस, लिफ्टमध्ये कुणी म्हातारं अडकलं तर नसती आफत."

किती काळजी! मला भरूनच आलं होतं.

मग काय, दर महिन्याला काठीच्या टोकाने मी बटणं दाबत फिरायचे. सगळे दिवे लख्ख लागायचे. एकच दिवा मिणमिणायचा, आमच्या बाबांच्या दारावरचा. हो, बाबाही तिथेच राहतात, वरच्या मजल्यावर. मी धाकट्याला म्हटलंही, "सगळ्या जगाला चांगले दिवे दिलेस आणि बापाला असला?" तो हसला. "राहू दे गं ताई तो तसाच," म्हणाला.

सगळ्या म्हाताऱ्यांना जमवून मी बजावलं होतं, वीज गेली तर घाबरायचं नाही. जिन्यात दिवा लागतो. कठडा धरायचा आणि सावकाश खाली यायचं. टेलरबाईंनी, म्हणजे जन्मभर शिवणकाम केलेल्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंनी, ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं होतं. त्यांना अंधाराची फार भीती.

आमच्या भागात वीज सहसा जात नाही. त्या दिवशी जेवणं उरकल्यावर गेली. मी खाली ऑफिसात होते. खिडकीतून छान ऊन येत होतं, म्हणून उठलेसुद्धा नाही. मग जिन्यातून धप्प आवाज आला आणि त्यामागून टेलरबाईंचं कण्हणं.

रखवालदार मोबाईलची टॉर्च लावून पुढे धावला. जिन्याच्या वळणावर त्या पडल्या होत्या, पाय भलत्याच दिशेला. डोक्यावरचा दिवा ठार बंद. त्याच्या खालचा बंद, वरचाही बंद. मी रुग्णवाहिका बोलावली, टेलरबाईंच्या डोक्याखाली शाल सरकवली आणि रखवालदाराला म्हटलं, स्टूल आण, डबा उघड. त्याने झाकण काढलं. आत बॅटरी नव्हतीच. फरशीचा तुकडा होता, वजनाला. बटणाची वायर सरळ मेन लाइनला जोडलेली. म्हणजे इतके महिने मी विजेवरचाच दिवा लावत होते आणि खूश होऊन पुढे जात होते.

मी भावाला फोन लावला. म्हटलं, वीज गेलीय, जिन्यात दिवे लागले नाहीत.

तो म्हणाला, "बाबांचा लागलाय ना?"

कुणी पडलं का, कुणाला लागलं का, काही विचारलं नाही हो त्याने. केसाने गळा कापतात म्हणतात ना, तो कापला कसा जातो ते मला जिन्यात उभ्या उभ्या कळलं. मी फोन ठेवला आणि कठडा चाचपत वर गेले. अंधाऱ्या बोळात एकच दिवा लागलेला होता, बाबांच्या दारावर. मिणमिणता. बॅटरीवरचा दिवा मिणमिणताच असतो. मी खऱ्यातच खोट काढत होते.

बाबा दारात खुर्ची टाकून बसले होते. मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला म्हणाला होता, तुमचा तेवढा खरा बसवलाय म्हणून," ते म्हणाले. "पोटचा पोर आहे. काय बोलणार?"

"मीपण पोटचीच आहे, बाबा."

ते छताकडे बघत राहिले. आयुष्यभर हेच. त्याचं झाकायचं आणि माझ्यापुढे छताकडे बघायचं. मला राग आला, रडूही आलं, पण खाली बाई कण्हत होत्या.

खाली रुग्णवाहिका आली. स्ट्रेचर धरायला दोन माणसं, वळण अरुंद, टॉर्चचा उजेड पायापुरता. मी रखवालदाराला वर बोलावलं आणि म्हटलं, मेन स्विच पाड आणि हा दिवा डब्यासकट काढ.

"अगं, मग मी अंधारात बसू?" बाबा म्हणाले.

"बसा," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना असं बोलले.

वायरी सोडवल्या तरी दिवा चालूच राहिला. बॅटरी खरी होती ना. डबा दोन्ही हातांत उंच धरून मी जिन्यात पुढे झाले, मागून स्ट्रेचर. टेलरबाईंनी डोळे उघडले, दिव्याकडे बघितलं. "लागला बाई एकदाचा," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणाला होतात, लागेल. मीच घाई केली."

मी डबा आणखी उंच धरला आणि पुढची पायरी उतरले.

रुग्णवाहिका गेल्यावर मी आमच्या अध्यक्षांना फोन लावला. टेलरबाईंचं सांगितलं, फरशीच्या तुकड्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, दिवे बसवले कुणी, पूर्ण नाव सांगा, तक्रार करावी लागेल.

मी भावाचं नाव सांगितलं. मग मधलं, बाबांचं. मग आडनाव, जे लग्नानंतरही मी बदललं नव्हतं.