घासणारं दार

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं तसा सुतार खुर्चीतून अर्धा उठला. त्याच्या छातीच्या सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुफ्फुसांत मोहरी सांडावी तसे बारीक पांढरे ठिपके दिसत होते. शिडीवरून पडला, बरगडी दुखते म्हणून आला, आणि हे भलतंच निघालं.

"मोठेपणी कांजण्या झाल्या होत्या का? फुफ्फुसात उतरल्या असतील तर हे जुने, बरे झालेले डाग. काळजी नाही. झाल्याच नसतील, तर सुई घालून तुकडा तपासावा लागेल."

"छे. मला नाही, हिला झाल्या होत्या." त्याने शेजारी बसलेल्या बायकोकडे मान वळवली. "शेजारच्या पोरीने आणल्या."

एवढं मात्र त्याला तोंडपाठ होतं. त्या कांजण्यांत बायकोच्या पोटातलं मूल गेलं, आणि तेव्हापासून त्याने शेजाऱ्यांशी बोलणं टाकलं. त्या पोरीच्या आईचं, शेजारच्या वहिनींचं दार फरशीवर खर्रकन घासायचं, रोज भिंतीपलीकडून ऐकू यायचं. पण हातात रंधा असलेला हा गडी ढिम्म हलला नाही. घासू दे मेलं, म्हणायचा.

"नीट आठवून सांगा."

तो आठवू लागला आणि डोक्यात नुसता काला झाला. त्याच सुमारास परगावच्या कामावरून तो तापाने फणफणून आला होता खरा. खोकला होता, अंगावर फोड होते. पण ते उष्णतेचे. बायकोनेच तर सांगितलं होतं.

बायको पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती.

"झाल्या होत्या यांना," ती म्हणाली. "माझ्या आधी."

सुई टळली. बाहेर जिन्यापाशी येऊन तो थांबला.

"मग ती पोर?"

"तिलाही तुमच्यामुळेच. सारखी तुमच्या मांडीवर असायची."

"आणि वहिनी काहीच बोलल्या नाहीत?"

"सांगू नका म्हणून मीच हात जोडले त्यांना. मूल आपल्यामुळे गेलं म्हणून तुम्ही स्वतःला खाल्लं असतंत."

बायकोवर चिडावं म्हणून त्याने तोंड उघडलं, पण चिडायचं नेमकं कशावर, तेच कळेना. जिना उतरायचा सोडून तो दोन पायऱ्या वर चढला. तिने हात धरून त्याला खाली आणलं.

संध्याकाळी भिंतीपलीकडे दार खर्रकन वाजलं. त्याने पिशवीतून रंधा काढला आणि बरगडी धरत बाहेर पडला. वहिनी दारातच उभ्या होत्या.

"दार घासतंय," तो म्हणाला.

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं, मग रंध्याकडे.

"कधीचं घासतंय. दुसरा सुतार बोलावू देत नाही पोर," त्या बाजूला होत म्हणाल्या. "म्हणते, काका येतील."